हिरव्या पाकिटाची जन्मतारीख

"शिडी कशाला? खाडीवर तिवरं आहेत, माळे नाहीत," निधी म्हणाली.

"चिखलात रुतलो तर वर यायला," हर्षद म्हणाला. "आणि डब्याचं काय ठरलं? उद्या अंगारकी आहे. आई म्हणते, उपवासाचा डबा हवा असेल तर आजच सांगा."

"तू उपवास करणार?"

"डब्यापुरता."

मे महिन्याची सुट्टी लागून तीनच दिवस झाले होते आणि विक्रोळीच्या दीपमाळ सोसायटीतल्या तिघांनी खाडीकाठच्या पक्ष्यांवर स्वारी करायचं ठरवलं होतं. निधी तेरा वर्षांची. तिला प्रत्येक गोष्टीची योजना लागते. हर्षद अकरा वर्षांचा. त्याला प्रत्येक योजनेत डबा लागतो. तिसरा सम्यक, बारा वर्षांचा. छापलेलं काहीही दिसलं की ते संपवल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, पावतीच्या मागचे नियम, लग्नपत्रिकेतलं 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'सुद्धा.

आत्ता तो निधीच्या आजीच्या पलंगाखाली अर्धा शिरला होता. तिथे गावाहून आलेले आंबे जुन्या पेपरांवर गवतात पसरले होते आणि ते रोज फिरवून ठेवायचं काम रत्नप्रभा आजीने या तिघांना दिलं होतं.

"सम्यक, आंबे फिरवतोयस की झोपलास?"

"वाचतोय. दोन आंब्यांच्या मध्ये काहीतरी आहे."

तो केसांत गवत घेऊन बाहेर आला, हातात पेपरचा तुकडा. "ऐका. 'जाहीर सूचना. सुगीधन भगर, अर्धा किलो, बॅच क्रमांक ४१७. तपासणीत बुरशीचे विषारी अंश आढळल्याने ही बॅच परत मागवण्यात येत आहे. ग्राहकांनी सेवन करू नये. विक्रेत्यांनी विक्री तत्काळ थांबवून साठा परत करावा.' शुक्रवारचा पेपर आहे."

सूचना बसच्या तिकिटाएवढी होती. एका बाजूला कुणाची तरी हरवलेली कागदपत्रं, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी नावात बदल, आणि मध्ये चेपून बसलेलं हे विष.

हर्षदने पलंगाच्या दुसऱ्या टोकाकडून एक पान ओढलं. "आणि हे बघ. गेल्या महिन्यातलं." अर्ध्या पानावर एक कुटुंब हसत हसत भगर खात होतं. खाली हिरव्या अक्षरांत: 'सुगीधन. आईच्या हाताइतकं शुद्ध.'

"खा म्हणताना अर्धं पान," सम्यक म्हणाला, "खाऊ नका म्हणताना तिकीट."

निधी तोवर स्वयंपाकघरात पोचली होती. "आजी, आपली भगर कुठली?"

"ती काय, वरच्या फळीर. मंडळातसून इली."

फळीवर स्टीलचे बावीस डबे ओळीने उभे होते. भगरीच्या डब्यात भगर होती, आणि फक्त भगरच होती.

"पाकीट कुठाय?"

"डबो भरलंय, पाकीट कचऱ्यात. पाकीट काय देव्हाऱ्यात ठेवूचा होता?"

आतल्या खोलीतून श्वेता आत्याचा आवाज आला. "भगरीला हात लावू नका हं कोणी. उद्या मला भगर आणि दाण्याची आमटी हवीच आहे. आठव्या महिन्यात नाही म्हणायचं नसतं."

श्वेता आत्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. निधीने सूचना तिला वाचून दाखवली, मग आजीला. आजी माणसांना नावं ठेवायला वेळ लावत नाही, तसा निर्णयालाही लावत नाही. तिने डबा उचलून देवळीत कोपऱ्यात ठेवला. "माझ्या लेकीच्या ताटात असला कायएक येवचा नाय. उद्या रताळा खा."

"झालं तर," निधी म्हणाली. "आत्या सुखरूप."

"कसली सुखरूप?" हर्षद म्हणाला. "वाट्यांचं काय?"

खाण्याच्या बाबतीत हर्षदचं कधी चुकत नाही. माहेरवाशीण पोटुशी असली की सोसायटीतल्या प्रत्येक घरातून तिच्यासाठी काहीतरी झाकून येतं. कुणाकडे खीर, कुणाकडे घावनं. सम्यककडे उपवास नसतात, पण परवा त्याच्या आईनेही ज्वारीची थालीपीठं पाठवली होती. निधीने मनात जुळवलं. आठ दिवसांत एकोणीस वाट्या. उद्या अंगारकी. उद्या सगळ्या वाट्यांत एकच पदार्थ असणार.

"मी नाही खाणार म्हणेन ना," आत्या म्हणाली.

"तू?" आजी म्हणाली. "शेजारणीनं दारात उभी राहून 'एक घास, माझ्यासमोर' म्हटला की तू खातलंच. मीपण खालेलंय."

म्हणजे एक डबा बाजूला ठेवून भागणार नव्हतं. एका आत्यासाठी अख्खी इमारत राखायची होती. शिडी, दुर्बीण आणि पक्षी जागच्या जागी राहिले.

*

दीपमाळमध्ये चार मजले, मजल्याला दहा घरं. दुपारपर्यंत तिघांनी चाळीस दारं वाजवली. एकतीस घरांत सोसायटीच्या महिला मंडळामार्फत आलेली सुगीधन भगर होती. कुठे ती बिस्किटांच्या डब्यात होती, कुठे च्यवनप्राशाच्या बरणीत, एका घरी तर 'साखर' लिहिलेल्या डब्यात, आणि साखर 'चहा'मध्ये. पाकीट मात्र एकाही घरात नव्हतं. महिन्याचं सामान आलं की ते डब्यात ओतायचं, पाकीट फेकायचं आणि डबा पुसून ठेवायचा, याला आपण नीटनेटका संसार म्हणतो. बॅच क्रमांक त्या नीटनेटकेपणासह कचऱ्यात जातो.

आणि उत्तरं काय मिळाली म्हणता? पहिल्या मजल्यावर: "पेपरातलं सगळं खरं मानलं तर जगायचं कसं?" दुसऱ्यावर: "शिजवल्यावर सगळं मरतं, बाळ." तिसऱ्यावर: "मोठ्या कंपनीचं आहे, असं कसं असेल?" त्याच काकूंनी गेल्या आठवड्यात मोबाइलवर आलेला 'कोथिंबिरीने चष्मा जातो' हा निरोप पन्नास जणांना पाठवला होता. छापील सूचनेवर मात्र त्यांचा विश्वास बसेना.

चौथ्या मजल्यावर मंडळाच्या अध्यक्षा सुलक्षणा काकू. काकू उभ्या राहिल्या की सभा आपोआप भरते.

"चंदूशेठकडून मी स्वतः आणलेला माल आहे," त्या म्हणाल्या. "दहा दिवसांपूर्वी, सीलबंद. आणि तुम्ही घरोघर जाऊन लोकांना घाबरवताय? उद्या अकरा वाजता खाली शेठचा सत्कार आहे. शाल, नारळ, सगळं आणलंय मी."

"काकू, बॅच नंबर आठवतो का?" सम्यकने विचारलं.

"बॅच नंबर? मला माझ्या नवऱ्याचा मोबाइल नंबर आठवत नाही."

दार बंद झालं. तीन वेळा कडी वाजली, म्हणजे राग तीन कड्यांचा होता.

सूचनेखाली कंपनीचा फोन नंबर होता. निधीने आत्याच्या मोबाइलवरून लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,' एक बाई गोड आवाजात म्हणाली आणि बासरी सुरू झाली. बावीस मिनिटं बासरी. मग फोन आपोआप तुटला.

"इतकं महत्त्वाचं असल्यावर बिचारे थकले असतील," आत्या म्हणाली.

*

"शेठकडेच जाऊ," निधी म्हणाली. "दुकानात अजून पाकिटं असली तर नंबर तिथेच कळेल."

फाटकाशी हर्षद थांबला. वॉचमन धाकूमामाची खुर्ची रिकामी होती. धाकूमामा वीस वर्षांत खुर्ची सोडून गेला असेल तर तो फक्त चहापुरता. तो मागच्या खोलीत चटईवर पडला होता, तोंड सुकलेलं, हात थरथरत होते.

"ऊन लागला रे," तो म्हणाला. "शनिवारपासून उलट्यो. उठलंय की जग फिरता."

"शनिवारी काय खाल्लंस मामा?"

"शनिवारी माझो उपास. काय खातलंय? भगर. चंदूशेटकडसून पाव किलो सुटी आणलंय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हर्षदने पहिल्यांदाच स्वतःच्या बाटलीतलं लिंबाचं सरबत दुसऱ्याला दिलं आणि सम्यक आजोबांना बोलवायला पळाला.

सम्यकचे आजोबा धोंडिराम विक्रोळीच्याच एका कारखान्यात तेहतीस वर्षं माल तपासणी खात्यात होते. त्यांनी धाकूमामाची नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि रिक्षा बोलावली. "हे ऊन नव्हे. याला दवाखान्यात नेतो. तुम्ही दुकानात जा, पण वाद घालू नका. फक्त बघा."

चंद्रप्रकाश ट्रेडर्स फाटकासमोरच होतं. चंदूशेठ गोरागोमटा, गोड बोलणारा. लहान पोराला सुटे पैसे देताना वर एक गोळी देणारा. असा माणूस वाईट असेल असं कुणाला वाटत नाही, आणि नेमकं तेच त्याच्या दुकानाचं भांडवल.

"सुगीधन भगर आहे का?" निधीने विचारलं.

"पाकीट संपलं, बेटा. सुटी घे ना. कालच आलीय, ताजी." शेठने पुढच्या पोत्याकडे हात केला. पोत्यावर पुठ्ठा खोचला होता: 'अंगारकी स्पेशल. नवीन माल.'

"सुटी कुठल्या कंपनीची?" सम्यकने विचारलं.

"भगर ती भगर. तिला कंपनी कसली?"

सम्यक खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसला. उठला तेव्हा त्याच्या मुठीत हिरव्या प्लास्टिकची एक पट्टी होती. बोटभर रुंद, वितभर लांब. पाकिटाचा वरचा कापलेला भाग. तिच्यावर 'सुगी' एवढीच अक्षरं होती.

"शुक्रवारी सूचना," बाहेर आल्यावर तो म्हणाला, "शनिवारी कात्री."

"म्हणजे परत करायचा माल याने पोत्यात ओतला?" निधीचा आवाज चढला. "नवीन माल म्हणून? आणि धाकूमामा..."

"नुसत्या पट्टीवर नंबर नाही," सम्यक म्हणाला. "नंबर पाकिटाच्या पाठीवर असतो. पाकिटं सापडायला हवीत."

"कचऱ्यात गेली असतील," हर्षद म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. "अरे, मग सुंदरामावशीकडे असतील ना."

*

सुका कचरा वर्गीकरण केंद्र नाल्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. सुंदराबाई आणि तिच्या बचत गटातल्या बायका तिथे कागद, पुठ्ठा, बाटल्या वेगळ्या करत. पंधरा दिवसांतून एकदा, सोमवारी चार वाजता पालिकेची गाडी येई आणि कुणी विकत न घेणारं प्लास्टिक उचलून देवनारच्या डम्पिंगवर नेई. आज तोच सोमवार होता आणि तिघे पोचले तेव्हा साडेतीन झाले होते.

"मावशी, भगरीची हिरवी पाकिटं..."

"लय आल्यात," सुंदराबाई म्हणाली. मान वर न करता तिने पायाने एक गोणी पुढे सरकवली. "ही तुमच्या दीपमाळची. आन् ही दुसरी, चंदूशेठच्या दुकानातली. शनिवारी टाकली त्यानं."

"दुकानातली हे कशावरून?" निधीने विचारलं.

सुंदराबाईने दोन पाकिटं काढून दोन्ही हातांत धरली. शाळेत बाईंनी नकाशा धरावा तशी. "घरातली बाई पाकिटाचा कोपरा कापती. तेवढ्यातनं धार धरून डब्यात वतती, सांडू नये म्हणून. हे बघ, कोपरा. आन् हे बघ, अख्खी मान उडवलीय. ही घरची कात्री न्हाई. एका दणक्यात पोत्यात रिकामं करायचं तर अशी मान कापावी लागती."

सम्यकने मुठीतली पट्टी मान कापलेल्या एका पाकिटाला लावून पाहिली. पुढच्याला. सातव्या पाकिटाला ती चपखल बसली. 'सुगी'पुढे 'धन' आलं.

मग तिघे गोणीत शिरले. निधी मोजायची, सम्यक वाचायचा, हर्षद वहीत लिहायचा. मान कापलेली चौसष्ट पाकिटं. चौसष्टच्या चौसष्ट बॅच ४१७. कोपरा कापलेली एकतीस. त्यांत नऊ पाकिटं ४१२ची, बाकी बावीस ४१७.

"म्हणजे नऊ घरं सुरक्षित," हर्षद म्हणाला.

"कुठली नऊ?" निधीने विचारलं.

हर्षदने पेन्सिल चावली. कुठली नऊ, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. सगळ्या डब्यांत दाणे सारखेच होते.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. दोन माणसं आत आली आणि गोण्या उचलायला लागली. एकाने हिरव्या गोणीला हात घातला तशी सुंदराबाई तिच्यावर बसली.

"ही न्हाई."

"मावशी, सगळं न्यायचं आहे."

"मला पण ने मग," ती म्हणाली. "देवनार बघितलं न्हाई लय दिस."

गाडी गेली. गोणी राहिली.

*

संध्याकाळी धोंडिराम आजोबा दवाखान्यातून आले. धाकूमामाला सलाइन लावलं होतं, तो बरा होणार होता. डॉक्टर म्हणाले, बुरशीचं विष असतं, दाणा शिजला तरी ते मरत नाही. गरोदर बाई, म्हातारं माणूस यांच्या पोटात गेलं असतं तर गोष्ट निराळी झाली असती.

निधीला दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आठवल्या. शिजवल्यावर सगळं मरतं, बाळ.

आजोबांनी वही पाहिली, पाकिटं पाहिली. "आमच्या खात्यात एक नियम होता," ते म्हणाले. "माणसाची जात कधी विचारू नये, आणि मालाचा लॉट विचारल्याशिवाय सोडू नये. लॉट नंबर, तुमचा तो बॅच नंबर, म्हणजे मालाची जन्मतारीख. ती हरवली की चांगला-वाईट माल एकाच रांगेत उभा राहतो."

"मग आम्ही सगळ्यांची भगर फेकायला सांगतो."

"अंगारकीच्या आदल्या दिवशी अन्न फेक म्हणालात तर तुम्हालाच फेकतील. फेका म्हणायचं नाही. रोखा म्हणायचं." आजोबांनी लाल कागद कापायला घेतला. कारखान्यात शंका असलेल्या मालाला बांधायचे तशी चिठ्ठी: 'रोखून ठेवा. तपासणी बाकी.'

त्यांनी अन्नसुरक्षा खात्यातही फोन केला. तक्रार नोंदवली गेली. सात दिवसांत कारवाई होईल, असं उत्तर आलं. सात दिवसांत पुढचा उपवास येतो.

रात्रीपर्यंत एकतीसपैकी चौदा घरांनी लाल चिठ्ठी लावून घेतली. काहींनी आजोबांच्या वयाकडे पाहून, काहींनी हर्षद दारातून हलेना म्हणून. सतरा घरं राहिली, आणि त्या सतरांच्या वर सुलक्षणा काकू.

"काकूंनी नाही म्हटलं तर सतराही नाही म्हणणार," निधी म्हणाली. "आणि काकू शेठचं ऐकणार. म्हणजे शेठनेच सांगायला हवं."

"तो सांगेल?" सम्यक हसला.

"तोंडाने नाही सांगणार." निधी आत्याकडे वळली. "आत्या, उद्या सकाळी एक वाटी करून देशील?"

*

मंगळवारी अकराला खालच्या चौकात आरती झाली. प्लास्टिकच्या लाल खुर्चीत चंदूशेठ बसले होते, कपाळाला गंध, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. मंडळाच्या बायका घरचं पातेलं चुलीवर ठेवून किंवा ठेवायच्या बेतात खाली आल्या होत्या.

"शुद्ध माल आणि माणुसकी," सुलक्षणा काकू माइकवर म्हणाल्या, "आजकाल एका दुकानात मिळत नाही. चंदूशेठकडे मिळते."

टाळ्या थांबायच्या आत निधी पुढे आली. हातात चांदीची वाटी, त्यात गरम पांढरा भात, जिऱ्याची फोडणी, वर दाण्याची आमटी. "काकू, शेठना फराळ द्यायचा ना? त्यांच्याच दुकानातल्या पोत्यातली सुटी भगर. आत्याच्या हातची. गणपतीपुढे ठेवून आणलीय. पहिला घास त्यांचा."

"किती गुणाची पोर," काकू म्हणाल्या. "घ्या शेठ."

शेठ वाटीकडे पाहत राहिले. "ठेव बेटा. मागाहून घेतो."

"गार होईल," निधी म्हणाली.

"मला जरा पित्ताचा त्रास आहे."

"अहो, गेल्या अंगारकीला दोन वाट्या खाल्ल्यात," काकू म्हणाल्या. त्यांचा माइक चालूच होता.

"ते तेव्हा. आता डॉक्टरांनी भगर बंद केलीय."

"कधीपासून?" हर्षदने विचारलं. "शुक्रवारपासून?"

चौकात कुजबूज थांबली. अंगारकीच्या दिवशी नैवेद्याचा घास कुणी परत करत नाही. पित्त असो, मधुमेह असो, माणूस बोटाच्या टोकाने तरी तोंडाला लावतो. शेठने हात मागे घेतला होता आणि शालीखाली लपवला होता.

"एक घास, शेठ," काकू म्हणाल्या. आवाज बदलला होता. "माझ्यासमोर."

शेठ उठून उभे राहिले. "मला दुकान बघायचंय."

तेवढ्यात सम्यकने गोणी उलटी केली. हिरव्या पाकिटांचा ढीग शेठच्या पायाशी पडला.

"हे काय? हा कचरा आहे," शेठ म्हणाले.

"हो. तुमचा," सम्यक म्हणाला. त्याने सूचनेचा तुकडा माइकसमोर धरला आणि वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वल्पविरामासकट. मग पाकिटांचा हिशोब वाचला. मग मान आणि कोपरा दाखवला. बायकांनी कोपरा पाहिला आणि प्रत्येकीला आपली कात्री आठवली.

"अहो, मी पाखडून, ऊन दाखवून विकली," शेठ म्हणाले. "चार दाण्यांना बुरशी असेल, म्हणून काय सगळा माल फेकायचा? परत पाठवायचा तर किती फेऱ्या, किती कागद..."

"माका पाखडून नाय दिलास," मागून आवाज आला. धाकूमामा धोंडिराम आजोबांच्या खांद्याला धरून फाटकातून येत होता. मनगटावर सलाइनची पट्टी होती. "पाव किलो नेलंय शनिवारी. तुमी म्हटलास, ताजी आसा, धाकू."

शेठचा हात सवयीने गोळीसाठी खिशात गेला. गोळ्यांची बरणी दुकानात होती.

सुलक्षणा काकू पुढे झाल्या. त्यांनी शेठच्या खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घातली. मांडीवरून खाली घरंगळलेला नारळ उचलला. मग माइक तोंडाशी धरला. "सगळ्यांनी ऐका. चुलीवरची भगर खाली उतरवा. फेकू नका, झाकून ठेवा. डब्यांना लाल चिठ्ठ्या लावा. माल मी आणला होता. चूक माझी आहे. या पोरांनी काल सांगितलं तेव्हा मी कडी लावली, तीपण माझीच." त्या धोंडिराम आजोबांकडे वळल्या. "आणि त्या खात्याचा नंबर द्या मला."

सात दिवसांत येणारं खातं दीड तासात आलं. काकू फोनवर काय बोलल्या ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. पलीकडच्या माणसाला फोनची गरज नसावी.

गडबड ओसरली तेव्हा चांदीची वाटी तशीच खुर्चीवर होती. हर्षदने ती उचलली आणि चमच्याने खायला सुरुवात केली. चार बायका एकदम ओरडल्या.

"भगर नाहीये ती," हर्षद भरल्या तोंडाने म्हणाला. "तांदळाची कणी आहे. विष कोण कोणाला देईल?"

"अंगारकीक तांदूळ," रत्नप्रभा आजी कानाला हात लावत म्हणाली. "मी सकाळपासून देवाची माफी मागतंय. त्यानं खालो असतो तर उपास मोडल्याचा पाप आमच्यार."

"खाल्लाच नसता," श्वेता आत्या म्हणाली. "त्याला पोत्यात काय आहे ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं."

*

खात्याच्या अधिकारी शुभा मॅडम यांनी पोत्याला सील ठोकलं, एकतीस डब्यांतून नमुने घेतले आणि शेठचा मोबाइल पाहिला. पुरवठादाराचा 'माल परत करा' हा निरोप शुक्रवारी सकाळी दहा चाळीसला आला होता. खाली दोन निळ्या खुणा होत्या, म्हणजे तो वाचलेला होता. दुकानाला कुलूप लागलं.

"पाकिटं देवनारला गेली असती तर मला नुसती सुटी भगर बघून काही सिद्ध करता आलं नसतं," त्या वही चाळत म्हणाल्या. "इतकी नीट नोंद मी माझ्या खात्यात पाहिलेली नाही. शाबास."

"मॅडम," सम्यक म्हणाला, "सूचना एवढीशी का असते? आणि दुकानाच्या दारावर का नसते?"

शुभा मॅडमनी तो तुकडा हातात घेतला. वाचायला त्यांना चष्मा काढावा लागला. "हा प्रश्न मी वर पाठवते."

"किती दिवसांत?"

"सात..." त्या म्हणाल्या.

"काकूंना फोन करायला सांगू?" हर्षदने विचारलं.

त्या हसल्या, पण वाक्य बदललं. "उद्याच पाठवते."

उरला सत्कार. शाल होती, नारळ होता, खुर्ची होती. फक्त माणूस बदलायचा होता. काकूंनी तिघांना बोलावलं. मेच्या दुपारी शाल घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा निधीने ती गोणी पोचवायला आलेल्या सुंदराबाईच्या खांद्यावर घातली, कारण गोणीवर ती बसली होती. नारळ हर्षदने घेतला. सम्यकला काकूंनी विचारलं, तुला काय हवं? तो म्हणाला, प्रत्येक घरातून एक शब्द.

तो शब्द दीपमाळने पाळला. आता पाकीट फोडलं की नंबराचा तुकडा कापून त्याच डब्यात, दाण्यांवर ठेवतात. आणि रोज संध्याकाळी धाकूमामा फाटकावरच्या फळ्यावर परत मागवलेल्या मालाची नावं खडूने लिहितो. सम्यक मजकूर सांगतो. अक्षर वितभर मोठं असतं. बसचं तिकीट चालत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा सुरू व्हायच्या आत, श्वेता आत्याला मुलगी झाली. तिघे दवाखान्यात गेले तेव्हा बाळाच्या मनगटाला कागदी पट्टी होती. सम्यक अर्थातच आधी ती वाचायला वाकला. आईचं नाव, तारीख, वेळ सकाळी सहा बारा, वजन दोन किलो नऊशे.

"सगळं आहे," तो म्हणाला.

आठ दिवसांनी बाळ घरी आलं. आत्याने पट्टी कापली आणि कचऱ्याच्या डब्याकडे हात नेला, तशी रत्नप्रभा आजीने ती काढून घेतली. देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे एक हिरवा तुकडा उभा होता, ४१७ नंबरचा. त्याच्या शेजारी आजीने ती पट्टी ठेवली.

"पाकीट देव्हाऱ्यात?" निधी म्हणाली.

"गप," आजी म्हणाली आणि समई पुढे सरकवली.